‘की’ सगळीकडे चालतं, ‘दॅट’ चालत नाही: इंग्रजी क्रियापदं वाक्याला वाक्य कशी जोडतात

समजा, नाशिकच्या अंबडमधल्या एखाद्या कारखान्यातून जर्मनीतल्या ग्राहकाला मेसेज गेला: ‘सर सेड दॅट आय ॲम कमिंग टुमॉरो.’ पाठवणाऱ्याच्या मनातलं मराठी वाक्य साधं आहे. सर म्हणाले की मी उद्या येतो. म्हणजे येणार आहेत सर. पण जर्मनीत वाचणाऱ्याला कळतं ते वेगळंच: सरांनी सांगितलंय, त्यामुळे मेसेज पाठवणारा उद्या येणार. तो मीटिंग लावतो ती चुकीच्या माणसाबरोबर. मेसेजमधला एकही शब्द अवघड नाही, स्पेलिंग बरोबर आहे, मोबाइलनं कशाखालीही लाल रेघ मारलेली नाही. तरी येणारा माणूस बदलला.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्या जूनमध्ये पहिलीत बसलेली मुलं २०१० मध्ये दहावी झाली, आज ती तिशीच्या आसपास आहेत, ओझरला, सातपूरला, सिन्नरला कामं करताहेत, द्राक्षं परदेशी पाठवताहेत, हॉटेलं चालवताहेत. शब्द त्यांच्याकडे भरपूर आहेत. अडतं ते बहुतेक वेळा एकाच जागी, एका वाक्याच्या आत दुसरं वाक्य बसवायचं असतं तिथे. ‘तो म्हणाला की’, ‘मला वाटतं की’, ‘तिने विचारलं की’, ‘त्यांची इच्छा आहे की’. दिवसभरात आपण जे बोलतो त्यातला मोठा भाग याच साच्यातला असतो, म्हणून अडखळणंही रोजचंच होतं. या जागी नेमकं काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीत नसून दोन भाषांच्या घडणीतल्या फरकात आहे.

वाक्याच्या पोटातलं वाक्य

‘पाऊस येईल’ हे पूर्ण वाक्य. ‘मला वाटतं की पाऊस येईल’ म्हटलं की ते पूर्ण वाक्य दुसऱ्या वाक्याच्या पोटात जाऊन बसतं. शाळेच्या व्याकरणात बाहेरच्याला मुख्य वाक्य म्हणतात, आतल्याला गौण वाक्य, आणि दोन्ही मिळून झालं मिश्र वाक्य. एवढी परिभाषा पुरे. इथून पुढे मी ‘आतलं वाक्य’ आणि ‘बाहेरचं क्रियापद’ असंच म्हणेन.

मराठीकडे आतलं वाक्य जोडायची तीन मुख्य साधनं आहेत. ‘वाटतं की पाऊस येईल.’ ‘पाऊस येईल असं वाटतं.’ ‘पाऊस येईल म्हणून सांगितलं.’ यातलं ‘की’ फारसीकडून आलेलं. बाकी दोन्ही घरचीच. ‘असं’ आणि ‘म्हणून’ वापरताना आतलं वाक्य आधी येतं आणि क्रियापद शेवटी. ‘की’ वापरताना क्रियापद आधी येतं. इंग्रजीचा क्रम या ‘की’च्या क्रमासारखा आहे, म्हणून इंग्रजी बोलताना आपल्या मनात ‘की’चं वाक्य तयार होतं आणि आपण ‘की’च्या जागी ‘दॅट’ ठेवून मोकळे होतो.

आता ‘की’चा स्वभाव पाहा. म्हणाला की, वाटतं की, विचारलं की, सुचवलं की, इच्छा आहे की, भीती आहे की, दिसलं की, ठरवलं की. एकाही ठिकाणी अडत नाही. बाहेरचं क्रियापद कुठलंही असो, आतलं वाक्य विधान असो, प्रश्न असो, आज्ञा असो, ‘की’ सगळ्यांना सामावून घेतं. मराठीत हे शिकावं लागत नाही, कारण शिकण्यासारखा नियमच नाही.

इंग्रजीत निवड क्रियापदाची

इंग्रजीत प्रत्येक क्रियापद आपल्यामागे कोणत्या प्रकारचं आतलं वाक्य येऊ द्यायचं ते स्वतः ठरवतं. मुख्य प्रकार चार. ‘दॅट’ लावून पूर्ण वाक्य: ‘आय नो दॅट ही इज इल.’ ‘टू’ लावून क्रियापद: ‘आय वॉन्ट टू गो.’ ‘इंग’ लावून क्रियापद: ‘आय एंजॉय रीडिंग.’ आणि प्रश्नशब्द लावून: ‘आय नो व्हेअर ही लिव्ह्ज.’ पाचवा एक छोटा प्रकार आहे, ज्यात क्रियापद अगदी उघडं येतं, मागेपुढे काही न लागता: ‘लेट हिम गो’, ‘मेक हिम वेट’.

द्राक्षबागेत काम केलेल्याला हे लगेच कळेल. ठिबकची १६ एमएमची नळी १२ एमएमच्या जॉइनरवर बसत नाही. पाणी तेच, बाग तीच, पण जॉइनर नळीच्या मापाचाच हवा. इंग्रजी क्रियापदाचंही माप ठरलेलं असतं, काहींची मापं दोन किंवा तीनही असतात.

आणि हे माप अर्थावरून पूर्णपणे ओळखता येत नाही, खरी अडचण ती आहे. ‘वॉन्ट’ आणि ‘होप’ अर्थानं शेजारी आहेत, दोन्हींत इच्छा आहे. पण ‘आय होप दॅट ही कम्स’ बरोबर आणि ‘आय वॉन्ट दॅट ही कम्स’ चूक. उलट ‘आय वॉन्ट हिम टू कम’ बरोबर आणि ‘आय होप हिम टू कम’ चूक. ‘एंजॉय’मागे ‘इंग’च येतं, ‘रिफ्यूज’मागे ‘टू’च. ‘लाइक’मागे दोन्ही चालतात. काही ठिकाणी कारण सापडतं, त्याकडे पुढे येतोच, पण पुष्कळ ठिकाणी शतकानुशतकांच्या वापरानं जे रुळलं ते रुळलं, एवढंच उत्तर आहे.

‘त्याने यावं’ आणि ‘तो येतो’

‘ही वॉन्ट्स दॅट आय शुड कम’ हे वाक्य नाशिकमध्ये रोज कुठे ना कुठे बोललं जातं. ते कुठून येतं ते सहज दिसतं: ‘मी यावं असं त्याला वाटतं.’ मराठीत ‘वाटणं’ हे एकच क्रियापद दोन कामं करतं. ‘तो येतो असं मला वाटतं’ यात अंदाज आहे. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ यात इच्छा आहे. फरक कुणी केला? आतल्या वाक्यातल्या ‘येतो’ आणि ‘यावं’ यांनी. बाहेर काहीच बदललं नाही. इंग्रजी हाच फरक बाहेरून करतं: अंदाजाला ‘थिंक’ आणि मागे ‘दॅट’, इच्छेला ‘वॉन्ट’ आणि मागे ‘टू’.

इथे मराठी माणसाच्या हातात एक चांगली खूण आहे आणि ती शिकवली जात नाही याचं मला वाईट वाटतं. मनातल्या मराठी वाक्यात ‘यावं, करावं, घ्यावं’ असं रूप आलं, की समजायचं, इथे घडलेली गोष्ट सांगायची नाही, घडावी अशी गोष्ट सांगायची आहे. मग साधं ‘दॅट’ आणि वर्तमानकाळ घालून भागणार नाही. बहुतेक वेळा ‘वॉन्ट हिम टू कम’, ‘आस्क हिम टू कम’, ‘टेल हिम टू कम’ असा ‘टू’चा मार्ग घ्यावा लागेल. काही मोजकी क्रियापदं मात्र इथेही ‘दॅट’च घेतात: ‘सजेस्ट’, ‘रेकमेंड’, ‘इन्सिस्ट’, ‘डिमांड’. पण मग आतल्या क्रियापदाचं रूप बदलतं. ‘द डॉक्टर रेकमेंडेड दॅट ही टेक रेस्ट.’ ‘टेक्स’ नाही, ‘टुक’ही नाही, नुसतं ‘टेक’. ब्रिटिश इंग्रजीत ‘शुड टेक’ही सर्रास येतं. ‘ही’नंतर ‘टेक’ पाहून अनेकांना छापखान्याची चूक वाटते. ती चूक नाही; आपल्या ‘घ्यावी’चं काम तिथे ‘टेक’ करतंय. त्याने विश्रांती घेतली असं डॉक्टर म्हणत नाहीत, त्याने ती घ्यावी असं म्हणताहेत.

ऐकणाऱ्याला कुठे बसवायचं?

सांगण्याची क्रियापदं सगळ्यात जास्त त्रास देतात, कारण त्यांत ऐकणारा माणूसही असतो. मराठीत तो नेहमी ‘ला’ लावून येतो: त्याला सांगितलं, त्याला म्हटलं, त्याला समजावलं, त्याला सुचवलं, त्याला विचारलं. एकच प्रत्यय, पाचही ठिकाणी.

इंग्रजीत ‘टेल’ला ऐकणारा लागतोच आणि तो थेट लागतो: ‘आय टोल्ड हिम दॅट...’. ‘से’ला ऐकणारा थेट चालत नाही, ‘आय सेड हिम’ होत नाही, सांगायचाच असेल तर ‘सेड टू हिम’. ‘एक्सप्लेन’चं ‘से’सारखंच: ‘एक्सप्लेन मी’ नाही, ‘एक्सप्लेन टू मी’. ‘सजेस्ट’ही त्याच घरचं, म्हणून ‘सजेस्ट मी अ गुड डॉक्टर’ ऐकायला खटकतं. पण ‘सजेस्ट’चा जवळचा भाऊ ‘ॲडव्हाइज’ मात्र ‘टेल’च्या बाजूचा: ‘ही ॲडव्हाइज्ड मी टू टेक रेस्ट’ एकदम बरोबर.

म्हणूनच ‘डॉक्टर सजेस्टेड मी टू टेक रेस्ट’ ही चूक इतकी पसरलेली आहे. ‘ॲडव्हाइज’चा साचा उचलून ‘सजेस्ट’ला लावला गेला. अर्थ इतका जवळचा, की असं करणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. यावर उपाय सोपा आहे. ‘सजेस्ट’ म्हणजे सुचवणे, असं पाठ करण्याऐवजी ‘ही सजेस्टेड दॅट वी वेट’ आणि ‘ही सजेस्टेड वेटिंग’ ही दोन वाक्यं पाठ करायची. शब्दार्थाची यादी माणसाला एवढंच सांगते की हा शब्द कुठल्या मराठी शब्दाच्या जवळ आहे. त्याच्यामागे काय येतं हे ती सांगत नाही, आणि वाक्य करताना लागतं तेच.

कुणाचा ‘मी’?

आता त्या कारखान्यातल्या मेसेजकडे येऊ, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे.

मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण ते जवळजवळ जसंच्या तसं ठेवतो. ‘मी उद्या येतो’ हे सरांचे शब्द. आपण त्यांच्याआधी ‘सर म्हणाले की’ एवढंच लावतो. आतला ‘मी’ सरांचाच राहतो, काळही त्यांनी वापरलेलाच. इंग्रजीत ‘सेड दॅट’ लावलं की आतलं वाक्य सांगणाऱ्याच्या ताब्यात जातं. आता प्रत्येक ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’ सांगणारा जिथे उभा आहे तिथून मोजायचा. मी सरांबद्दल सांगतोय, म्हणून सरांचा ‘मी’ झाला ‘ही’: ‘सर सेड दॅट ही वॉज कमिंग.’

दोन्ही पद्धती आपापल्या जागी पूर्ण आहेत. मराठीची पद्धत मागासलेली नाही, इंग्रजीची जास्त तर्कशुद्ध नाही. मराठीतही प्रश्न येतोच: ‘तो म्हणाला की मी खोटं बोलतोय’ यात खोटं बोलणारा कोण, तो की मी? आपण ते संदर्भावरून, आवाजाच्या चढउतारावरून ओळखतो. अडचण येते ती मराठीचा ‘मी’ इंग्रजीच्या ‘दॅट’मागे ठेवल्यावर, कारण इंग्रजी वाचणाऱ्याला तिथे शंकाही येत नाही. त्याच्यासाठी ‘आय’ म्हणजे लिहिणारा. वाक्य अडखळत नाही, सरळ चुकीचा अर्थ देतं.

यात पैसे कसे जातात ते पाहा. द्राक्षाचा हंगाम आहे, निर्यातदार वाहतुकीचं काम बघणाऱ्या कंपनीला लिहितो: ‘द बायर सेड दॅट वी विल पे द फ्रेट.’ मनात आहे: ‘बायर म्हणाला की आम्ही भाडं देऊ.’ भाडं बायर देणार. पण इंग्रजीत या वाक्याचा अर्थ झाला, आम्ही, म्हणजे निर्यातदार, भाडं देणार, आणि तसं बायरनं सांगितलंय. भाड्याचं बिल कुणाच्या नावानं निघेल ते वेगळं सांगायला नको. बरोबर वाक्य: ‘द बायर सेड दॅट दे वुड पे.’

काळाचं काय? ‘विल’चं ‘वुड’ केलंच पाहिजे का? दहावीच्या परीक्षेसाठी हो. रोजच्या इंग्रजीत इतका कडकपणा नाही. सांगितलेली गोष्ट अजून खरी असेल, अजून व्हायची असेल, तर ‘ही सेड दॅट ही इज कमिंग टुमॉरो’ असं इंग्रजी मातृभाषेचे लोकही बोलतात. काळ चुकला तर वाक्य फार तर किंचित वेगळं वाटेल. सर्वनाम चुकलं तर माणूसच बदलेल. शाळेत या दोन्हींना सारखेच मार्क कापले जातात, आणि त्यामुळे मुलांना वाटतं की दोन्ही चुकांचं वजन सारखं आहे. तसं मुळीच नाही. शिकवणाऱ्यांनी आधी सर्वनाम पक्कं करून घ्यावं, काळ मागाहून येऊ दे.

‘आस्क्ड दॅट व्हेअर’

‘त्याने विचारलं की तू कुठे आहेस’ याचं इंग्रजी अनेकदा असं होतं: ‘ही आस्क्ड दॅट व्हेअर आर यू.’ इथे तीन गोष्टी एकदम घडतात. पहिली, ‘की’चं ‘दॅट’ झालं. पण इंग्रजीत ‘व्हेअर’, ‘व्हाय’, ‘व्हॉट’ हे प्रश्नशब्द स्वतःच सांधा असतात, त्यांच्याआधी ‘दॅट’ येत नाही. दुसरी, ‘यू’ तसाच राहिला. तिसरी, शब्दांचा क्रम. मराठीत सुटा प्रश्न आणि आतला प्रश्न सारखेच असतात, ‘बस कुठे थांबते?’ आणि ‘बस कुठे थांबते ते सांगा.’ इंग्रजीत सुटा प्रश्न क्रम उलटवतो आणि आत गेल्यावर तो पुन्हा सरळ होतो: ‘व्हेअर इज रामकुंड?’ पण ‘डू यू नो व्हेअर रामकुंड इज?’

उत्तर हो किंवा नाही असं असेल तर प्रश्नशब्दाच्या जागी ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ येतं. ‘तो विचारतोय की गाडी आली का’ म्हणजे ‘ही इज आस्किंग इफ द ट्रेन हॅज कम.’ आपलं शेवटचं ‘का’ उचलून पुढे नेलं की ‘इफ’ची जागा सापडते.

यातली क्रमाची चूक मी हलकी मानतो. ‘डू यू नो व्हेअर इज रामकुंड’ विचारणाऱ्याला कुणीही पंचवटीचाच रस्ता दाखवेल. आयर्लंडमधल्या इंग्रजीत आतल्या प्रश्नाचा उलटा क्रम आजही बोलला जातो, आणि ती तर त्यांची रोजची, घरातली भाषा. २०२७ च्या सिंहस्थासाठी परदेशी पाहुण्यांशी बोलायची तयारी करणाऱ्या रिक्षावाल्यांनी, हॉटेलवाल्यांनी या क्रमापायी तोंड मिटून बसू नये. लेखी परीक्षेत, नोकरीच्या अर्जात तो सुधारावा. रस्त्यावर बिनधास्त बोलावं.

पुढचं ‘टू’, मागचं ‘इंग’

‘टू’ आणि ‘इंग’ यांत काही तर्क आहे का, हा प्रश्न नेहमी येतो. थोडा आहे. ‘टू’ मुळात दिशा दाखवणारा शब्द, ‘टू नाशिक’ मधला तोच. म्हणून ज्या क्रियापदांत पुढे करायच्या गोष्टीकडे तोंड आहे ती बहुधा ‘टू’ घेतात: ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘प्लॅन’, ‘रिफ्यूज’, ‘अग्री’. जी चालू आहे किंवा होऊन गेली त्या गोष्टीबद्दल बोलणारी बहुधा ‘इंग’ घेतात: ‘एंजॉय’, ‘फिनिश’, ‘कीप’.

हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो एकच क्रियापद दोन्ही घेतं तेव्हा. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायचं लक्षात राहिलं आणि मग लावलं. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय. मराठीतही हे भेद आहेतच, ‘लावायचं’ आणि ‘लावल्याचं’. ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ म्हणजे चहासाठी थांबला. ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे त्याने चहा सोडला. ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ हे वाईट बातमी देण्याआधीचं वाक्य, पत्रांत नेहमी येणारं. ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’ म्हणजे सांगून बसलो त्याचा पश्चात्ताप.

पण हा नियम नव्हे, कल आहे. ‘सजेस्ट’ आणि ‘कन्सिडर’ पुढच्या गोष्टीबद्दल बोलतात आणि तरी ‘इंग’ घेतात. आणि ईमेलच्या शेवटी येणारं ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ तर हमखास चकवतं. तिथला ‘टू’ वेगळा आहे, ‘कडे’ अर्थाचा, म्हणून त्याच्यामागे नाम किंवा ‘इंग’ येतं: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू.’ ‘टू मीट यू’ नव्हे.

‘नो’चंही एक सांगून टाकतो. ‘मला पोहता येतं’ याचं ‘आय नो टू स्विम’ होत नाही. ‘आय नो हाउ टू स्विम’, किंवा त्याहून सोपं, ‘आय कॅन स्विम’.

‘दॅट’ गाळलं तर चालतं का?

चालतं, आणि बोलताना गाळतातच. ‘आय थिंक ही इज राइट’, ‘शी सेड शी वॉज टायर्ड’. ‘थिंक’, ‘से’, ‘नो’, ‘होप’ अशा रोजच्या क्रियापदांमागे ‘दॅट’ ठेवलं काय, न ठेवलं काय, बोलण्यात फरक पडत नाही. बोलण्यात ‘मला वाटतं तो येईल’ असं म्हणून आपणही ‘की’ गाळतो.

लिहिताना मात्र एका ठिकाणी ते ठेवावंच, मध्ये वेळ किंवा वार आला असेल तिथे. ‘ही सेड ऑन मंडे ही वुड पे.’ सोमवारी बोलला, की सोमवारी पैसे देणार? ‘ही सेड ऑन मंडे दॅट ही वुड पे’ म्हणजे बोलणं सोमवारचं. ‘ही सेड दॅट ऑन मंडे ही वुड पे’ म्हणजे पैसे सोमवारी. उधारी-वसुलीच्या पत्रात एवढा एक शब्द नीट ठेवला तर पुढचे दोन फोन वाचतात.

बातमी वाचताना

बाहेरचं क्रियापद आतल्या वाक्याची बांधणी ठरवतं, आणि आतली गोष्ट खरी मानायची की नाही हेही बऱ्याचदा तेच सुचवतं. पॉल आणि कॅरल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये हे नीट मांडलं. ‘नो’, ‘रिअलाइज’, ‘रिग्रेट’ यांसारखी क्रियापदं आतली गोष्ट खरीच आहे असं धरून चालतात. ‘थिंक’, ‘क्लेम’, ‘से’ तसं धरत नाहीत.

तपासायची रीत सोपी: बाहेरच्या क्रियापदाला नकार लावायचा. ‘ही डिड नॉट नो दॅट द ब्रिज वॉज क्लोज्ड.’ त्याला माहीत नव्हतं, पण पूल बंद होताच. नकार लावूनही पूल बंदच राहिला. ‘ही डिड नॉट क्लेम दॅट द ब्रिज वॉज क्लोज्ड.’ आता पूल बंद होता की नव्हता, काही कळत नाही. मराठीतही ‘लक्षात आलं’ आणि ‘दावा केला’ यांत हेच अंतर आहे.

इंग्रजी बातमी वाचताना ही चाळणी हाताशी ठेवावी असं मला फार वाटतं. ‘द कमिटी क्लेम्ड दॅट फंड्स वेअर मिसिंग’ लिहिणारा बातमीदार स्वतः बाजूला उभा राहतो. ‘द कमिटी रिअलाइज्ड दॅट फंड्स वेअर मिसिंग’ लिहिणाऱ्यानं मात्र पैसे गायब आहेत हे स्वतःच मान्य केलेलं असतं, आणि वाचणाराही नकळत मान्य करून पुढे जातो. शब्दकोशात अर्थ पाहून हा फरक हाती लागेलच असं नाही, दोन वाक्यं शेजारी ठेवली की लागतो.

‘समोरच्याला कळतं ना, मग झालं’

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात पुष्कळ तथ्य आहे. भारतातल्या इंग्रजीला आपलं वळण आहे, आणि ‘सजेस्ट मी’ किंवा ‘डिस्कस अबाउट’ देशभरात समजतं. नाशिकमधल्या दोन माणसांनी एकमेकांशी तसं बोललं तर काहीही बिघडत नाही. ‘वॉन्ट्स दॅट आय शुड कम’ हेही कुठल्याही देशातल्या माणसाला कळेल, फक्त परकं वाटेल.

पण आपण पाहिलेल्या चुका एका वजनाच्या नाहीत. ‘सजेस्ट मी’ आणि प्रश्नाचा उलटा क्रम कानाला खटकतात, अर्थ शाबूत राहतो. ‘ही’च्या जागी ‘आय’ किंवा ‘दे’च्या जागी ‘वी’, ‘स्टॉप्ड टू’ आणि ‘स्टॉप्ड ...इंग’, वाराच्या अलीकडे किंवा पलीकडे ठेवलेलं ‘दॅट’, यांत अर्थच बदलतो आणि ऐकणाऱ्याला संशयही येत नाही. क्लासमध्ये दोन महिने असतील तर ते या दुसऱ्या गटावर घालवावेत. पहिला गट वाचन वाढलं की बराचसा आपोआप सुधारतो.

‘इतकी क्रियापदं पाठ कशी करायची?’

सगळी करायची गरज नाही. हा प्रश्न पूर्वीही लोकांना पडला होता, आणि त्याचं उत्तर जपानमध्ये शिकवणाऱ्या एका इंग्रज शिक्षकानं शोधलं. ए. एस. हॉर्नबी १९२४ पासून जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवत होते. जपानी भाषेतही मराठीसारखं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे तिथल्या मुलांची अडचण आपल्यापेक्षा फार वेगळी नसणार. हॉर्नबींनी इंग्रजी क्रियापदांचे साचे गोळा केले, ते २५ प्रकारांत बसवले आणि शब्दकोशात क्रियापदासमोर त्याचा साचाही छापला. तो कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं आणला, आणि आज शिकणाऱ्यांसाठीचा ऑक्सफर्डचा जो मोठा इंग्रजी कोश घराघरात दिसतो तो त्याचाच वंशज.

म्हणजे हवी ती माहिती कपाटात आहे, मोबाइलवर आहे. शिकणाऱ्यांसाठीच्या कोणत्याही चांगल्या इंग्रजी कोशात ‘सजेस्ट’ उघडा, अर्थाच्या शेजारी ‘दॅट’ की ‘इंग’ ते दिलेलं असतं आणि खाली उदाहरणं असतात. आपण अर्थ पाहतो आणि कोश मिटतो. ती पुढची ओळ वाचायची सवय लावली तर अर्धं काम झालं. इंग्रजी-मराठी कोशात अर्थ मिळेल, पण ही माहिती बहुधा मिळणार नाही, म्हणून दोन्ही प्रकारचे कोश जवळ असावेत.

सुरुवात दहा क्रियापदांनी करा: ‘से’, ‘टेल’, ‘आस्क’, ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’, ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘नो’, ‘रिमेंबर’, ‘स्टॉप’. प्रत्येकाचं एक वाक्य आपल्या स्वतःच्या कामातलं लिहायचं. शिकवणीतलं ‘राम सेड टू श्याम’ नको. बागवाल्यानं बायरबद्दल लिहावं, नर्सनं पेशंटबद्दल, कॉलेजच्या मुलीनं होस्टेलबद्दल. आणि ‘से’, ‘टेल’, ‘आस्क’ यांची वाक्यं लिहून झाल्यावर आतल्या प्रत्येक ‘आय’, ‘यू’, ‘वी’खाली पेन्सिलनं तो माणूस कोण ते नाव लिहायचं. नाव लिहिताना हात थांबला, तर ते वाक्य पाठवायच्या आधी बदलायचं.